हिरवळीखालची कुंडे

उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात, रिपन या गावापासून पाच-सहा किलोमीटरवर, स्केल नावाची लहानशी नदी एका अरुंद दरीतून वाहते. या दरीत फाउंटन्स अ‍ॅबी या मध्ययुगीन ख्रिस्ती मठाचे अवशेष उभे आहेत. माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त लीड्सला असतात. गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांच्याकडे गेलो असताना मी हे अवशेष तीन वेळा पाहिले. पहिल्यांदा सगळ्यांबरोबर आणि नंतर दोन वेळा एकटाच, लीड्सहून हॅरोगेटमार्गे रिपनला जाणारी बस पकडून. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, दोनदा पाहून झालं ना? पुन्हा तेच दगड कशाला?" तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. ते या लेखात देण्याचा प्रयत्न करतो.

आरंभीच सांगायला हवे की इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. एका कारखान्याच्या गोदामात सत्तावीस वर्षे मालाची आवक-जावक लिहिली आणि रजेच्या दिवसांत लेणी, बारवा, जुन्या बाजारपेठा पाहत हिंडलो. जे काही शिकलो ते पाहून आणि वाचून. दुसरी गोष्ट म्हणजे आमचे घराणे कातडी कमावणाऱ्यांचे. या दोन्ही गोष्टींचा लेखाशी संबंध आहे, म्हणून त्या सांगितल्या.

तेरा माणसे आणि एक नियम

ज्याचा प्रमुख 'अ‍ॅबट', म्हणजे मठाधिपती असतो, असा मठ म्हणजे अ‍ॅबी. फाउंटन्सची सुरुवात इ. स. ११३२ मध्ये झाली. त्या सुमारास आपल्याकडे कल्याणीच्या गादीवर 'मानसोल्लास' लिहिणारा चालुक्य सोमेश्वर तिसरा होता. यॉर्क शहरातील सेंट मेरी मठ तेव्हा संपन्न होता. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात घालून दिलेला नियम तेथे नावापुरता पाळला जातो, जेवणखाण आणि राहणी सैल झाली आहे, अशी तक्रार काही संन्याशांनी केली. तंटा विकोपाला गेला आणि तेरा जण मठाबाहेर पडले. यॉर्कचे आर्चबिशप थर्स्टन यांनी त्यांना आश्रय दिला आणि स्केलच्या खोऱ्यातील ही ओसाड जागा नेमून दिली.

पहिला हिवाळा त्यांनी एका मोठ्या एल्म झाडाखाली गवताचा आडोसा करून काढला आणि दुष्काळात त्याच झाडाची पाने शिजवून खाल्ली, अशी कथा आहे. ती लिहिली गेली सत्तर-एक वर्षांनी. सर्लो नावाच्या वृद्ध संन्याशाने आठवेल तसे सांगितले आणि ह्यू नावाच्या दुसऱ्याने लिहून घेतले. हे काम झाले कर्कस्टॉल मठात. तो फाउंटन्सचीच शाखा. त्याचे अवशेष आज लीड्स शहरातच आहेत आणि माझ्या मुलीच्या घरापासून बसने पंधरा मिनिटांवर. मठाने स्वतःच्या जन्माची सांगितलेली कथा म्हणून ती जपूनच वाचायला हवी, पण आपण कोण आहोत असे या लोकांना वाटत होते ते त्यातून कळते. आम्ही सुखसोयी सोडून रानात आलो, कष्टाने जगलो, हा त्यांचा अभिमान होता.

थोड्याच काळात या तेरा जणांनी क्लेअरव्हो येथील मठाधिपती बर्नार्ड यांना पत्र लिहून सिस्टर्शियन पंथात प्रवेश मागितला. हा पंथ १०९८ मध्ये फ्रान्समधील बरगंडी प्रांतात, सितो येथे सुरू झाला होता. बेनेडिक्टचा नियम अक्षरशः पाळायचा, हे त्याचे ब्रीद. वस्तीपासून दूर राहायचे. न रंगवलेल्या लोकरीचा पांढरा झगा घालायचा. चर्चमध्ये सोन्याचांदीचा थाट करायचा नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गावांचा सारा, कुळांचा खंड, दशमांश असले दुसऱ्याच्या घामाचे उत्पन्न घ्यायचे नाही. स्वतःच्या हातांनी पिकवायचे आणि खायचे.

नियम सुंदर होता, पण त्यातच एक पेच होता. संन्याशाने दिवसरात्र मिळून आठ वेळा चर्चमध्ये उपासनेला उभे राहायचे. पहिली उपासना मध्यरात्रीनंतर, म्हणजे झोप मोडूनच. उरलेल्या वेळात वाचन आणि श्रम. दुसरीकडे, या कडक व्रताने भारावून आसपासचे जमीनदार मठाला जमिनी देऊ लागले. काही जमिनी दहा-वीस मैलांवर, डोंगरमाळावर. उपासनेच्या घंटेला जो परत यायला हवा, तो वीस मैलांवर मेंढ्या कशा राखणार? कुळे ठेवायची नाहीत, खंड घ्यायचा नाही, मग जमीन कसायची कोणी?

दाढीवाले बंधू

यावर पंथाने काढलेला तोडगा म्हणजे 'कॉन्व्हर्सी'. मराठीत त्यांना कामकरी बंधू म्हणू. हेही व्रत घेत, ब्रह्मचर्य पाळत, मठाचेच सदस्य मानले जात. पण ते संन्यासी नव्हते. संन्यासी दाढी करत, हे दाढी राखत. त्यांची उपासना थोडकी. शेतावर असले तर कामाच्या जागीच ठरावीक प्रार्थना म्हणायच्या. मठापासून दूरच्या शेतवाड्यांना 'ग्रेंज' म्हणत. तेथे राहून नांगरणी, मेंढपाळी, गवंडीकाम, लोहारकाम, दळण, कातडीकाम हे सारे तेच सांभाळत. मठाधिपतीच्या निवडीत त्यांना मत नव्हते. कामकरी बंधू पुढे कधी संन्यासी होऊ शकत नसे.

त्यांच्यासाठीच्या नियमावलीत एक कलम असे आहे की कामकरी बंधूने पुस्तक बाळगू नये. नेमून दिलेल्या तीन-चार प्रार्थना तेवढ्या त्याने शिकाव्यात आणि त्याही तोंडपाठ. हे कलम वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

इथे एक फरक नोंदवला पाहिजे, नाहीतर तुलना खोटी पडेल. कामकरी बंधू जन्माने होत नसे. आसपासचा गरीब शेतकरी आपण होऊन मठाच्या दाराशी येई. दोन वेळची खात्रीची भाकरी, आजारपणात शुश्रूषा, मेल्यावर मठाच्या भूमीत दफन आणि मोक्षाची आशा, हे त्या काळात थोडे नव्हते. पण ११८८ मध्ये पंथाच्या महासभेने ठरवले की सरदार घराण्यातील माणसाने कामकरी बंधू होऊ नये, संन्यासीच व्हावे. म्हणजे दार दोघांनाही उघडे, पण आत शिरल्यावर कोणी कोणत्या बाजूला वळायचे हे घराणे ठरवणार. भिंत उभी राहायला एवढे पुरते.

ही भिंत दगडांतही दिसते. फाउंटन्सच्या मोठ्या चर्चमध्ये पूर्वेकडचा, वेदीजवळचा भाग संन्याशांचा. पश्चिमेकडचा लांब भाग कामकरी बंधूंचा. दोहोंमध्ये आडवे पडदे होते. आज ते नाहीत, म्हणून दारातून पाहिले की नजर थेट पूर्वेच्या खिडकीपर्यंत जाते. आपल्याला दिसते ते दृश्य या बंधूंना कधीच दिसले नसेल.

गोदाम वाचताना

मठाच्या पश्चिम अंगाला जी इमारत आहे तिला सेलेरियम, म्हणजे कोठार म्हणतात. जवळजवळ नव्वद मीटर लांब, मधोमध खांबांची एकच रांग आणि त्या खांबांमधून दोन्ही बाजूंना उमललेल्या दगडी कमानी. सारे अवशेष उघड्यावर असताना हिचे छत शाबूत आहे. प्रवासी येथे हमखास छायाचित्र काढतात. मीही काढले.

पण गोदामात आयुष्य गेलेल्या माणसाला इतके लांब, विनाअडथळ्याचे दालन खटकतेच. कोणताही कोठावळा धान्य, लोकर आणि माणसे एकाच मोकळ्या जागेत ठेवणार नाही. खांबांच्या बुंध्यांशी आणि भिंतींवर आडभिंतींच्या खुणा शोधल्या, माहितीफलक वाचले, तेव्हा खुलासा झाला. मुळात हे एक दालन नव्हतेच. उत्तरेकडचा भाग कोठाराचा, दक्षिणेकडचा कामकरी बंधूंच्या भोजनगृहाचा, मधून ये-जा करण्याची वाट. आणि वर, आता छप्पर गेलेल्या मजल्यावर, त्यांची झोपण्याची जागा. आडभिंती गेल्या म्हणून ही लांबलचक कमानींची रांग मोकळी झाली. आज ज्या जागेची भव्यता पाहून आपण थक्क होतो, ती मुळात माल साठवण्याची आणि मजुरांना जेवू घालण्याची जागा होती.

माल कोणता? मुख्यतः लोकर. फुकट मनुष्यबळ आणि डोंगरमाळाची अफाट कुरणे एकत्र आल्यावर दुसरे काय होणार? फ्लॉरेन्सच्या बार्डी पेढीचा नोकर पेगोलॉत्ती याने चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्यापाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका तयार केली. तीत इंग्लंडमधील कोणत्या मठाकडून वर्षाला किती लोकर मिळते याची यादी आहे. फाउंटन्ससमोर आकडा आहे ७६ सॅक. एक सॅक म्हणजे ३६४ पौंड, सुमारे १६५ किलो. म्हणजे वर्षाला साडेबारा टन लोकर. त्या काळच्या मेंढीची लोकर जेमतेम पाऊण किलो भरे, हे धरले तर कळप पंधरा हजारांच्या वर जातो. न रंगवलेला जाडाभरडा झगा हे ज्यांचे व्रत, त्यांची लोकर फ्लँडर्स आणि इटलीच्या मागांवर उंची कापड होत होती.

म्हणजे, खंड घ्यायचा नाही या नियमामुळे कामकरी बंधू आले, बंधूंमुळे ग्रेंज उभ्या राहिल्या, ग्रेंजांमुळे लोकर आली आणि लोकरीमुळे पैसा. मठ श्रीमंत झाला तो व्रत मोडून नव्हे. व्रत पाळता पाळताच तो त्या वाटेला लागला.

पैशामागून कर्ज आले. इटालियन व्यापारी पुढच्या कित्येक वर्षांच्या लोकरीचे पैसे आगाऊ देत. मठ ते बांधकामात घालत. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात मेंढ्यांमध्ये खरजेची साथ पसरली, लोकर घटली, पण दिलेला शब्द पुरा करणे भाग होते. १२९१ मध्ये, म्हणजे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, फाउंटन्सचे कर्ज सहा हजार पौंडांच्या पुढे गेले होते आणि राजाला मठाच्या कारभारात लक्ष घालण्यासाठी अधिकारी नेमावा लागला. ऊस तोडणीला येण्याआधीच ज्यांनी उचल घेतली आहे, त्यांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

पुढे स्कॉटिश सैन्याच्या धाडी आल्या आणि १३४८-४९ मध्ये प्लेगची महामारी आली. माणसे कमी झाली, मजुरी वाढली. मठात मोक्षाच्या आशेवर राबण्यापेक्षा बाहेर रोख मजुरी बरी, असे गरिबाला वाटू लागले असल्यास नवल नाही. कामकरी बंधूंची संख्या रोडावत गेली. मठाने ग्रेंज खंडाने लावून दिल्या. ज्या खंडाला नकार देऊन पंथ उभा राहिला होता, तोच अखेर त्याच्या पोटापाण्याचा आधार झाला.

छपरावरचे शिसे

मठ पडला कसा? माझी समजूत होती की युद्धात किंवा काळाच्या ओघात. तसे नाही. तो कागदाने पाडला. आठवा हेन्री राजा १५३४ मध्ये इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. १५३५ मध्ये चर्चच्या साऱ्या मालमत्तेची मोजदाद झाली. १५३६ मध्ये वर्षाला दोनशे पौंडांपेक्षा कमी उत्पन्नाचे मठ बंद करण्याचा कायदा झाला. फाउंटन्सचे उत्पन्न हजार पौंडांच्या वर होते, त्यामुळे तो तेव्हा वाचला. उत्तरेकडे या धोरणाविरुद्ध उठाव झाला आणि त्यात गुंतल्याच्या आरोपावरून फाउंटन्सचे माजी मठाधिपती विल्यम थर्स्क यांना १५३७ मध्ये फाशी दिले गेले. अखेर २६ नोव्हेंबर १५३९ रोजी शेवटचे मठाधिपती मार्माड्यूक ब्रॅडली यांनी मठ राजाच्या स्वाधीन केला. त्यांना वर्षाला शंभर पौंड निवृत्तिवेतन मिळाले. चारशे सात वर्षे चाललेल्या घंटा थांबल्या.

राजाच्या अधिकाऱ्यांना दगडांत रस नव्हता. त्यांना हवे होते छपरांवरचे शिसे. ते उतरवून, वितळवून, लगडी करून नेत. वितळवायला लाकूड लागे, ते छपरांच्या तुळयांचेच. जवळच्या रीव्हो मठात विसाव्या शतकात सफाई करताना पडलेल्या दगडांखाली राजाच्या शिक्क्याच्या शिशाच्या लगडी सापडल्या; कोणी न्यायच्या आधीच वरची भिंत कोसळली असावी. त्या शिशातून पुढे यॉर्कच्या महामंदिरातील एका प्रसिद्ध खिडकीची काच नव्याने बसवली गेली. शिसे गेले की उरलेले काम पाऊस करतो. वाड्याची कौले उतरवून विकली की माळवद किती पावसाळे टिकते, ते आपल्याकडे गावोगाव दिसते.

फाउंटन्सची जागा १५४० मध्ये रिचर्ड ग्रेशम या लंडनच्या व्यापाऱ्याने विकत घेतली. सतराव्या शतकाच्या तोंडावर नंतरच्या मालकाने शेजारी हवेली बांधली आणि तिच्यासाठी मठाचे दगड वापरले. मग आला बागेचा काळ. शेजारच्या स्टडली इस्टेटीचा मालक जॉन एझलबी इंग्लंडचा अर्थमंत्री होता. साउथ सी कंपनीच्या १७२० सालच्या घोटाळ्यात त्याचे पद गेले आणि तुरुंगवास झाला. सुटून आल्यावर त्याने स्केलचे पाणी अडवून तळी, कालवे आणि पुतळे असलेली जलउद्याने केली. त्याचा मुलगा विल्यम याने १७६७ मध्ये मठाचे अवशेषही विकत घेतले, कारण त्याच्या बागेच्या टोकाला एक भग्न मठ शोभून दिसणार होता. पडझड साफ झाली, हिरवळ लावली गेली. १९८३ मध्ये ही इस्टेट नॅशनल ट्रस्टकडे आली आणि १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिची नोंद झाली.

म्हणजे आपण जे शांत, हिरवे, स्वप्नवत दृश्य पाहतो ते मध्ययुगातले नाही. ते अठराव्या शतकात एका धनिकाने आपल्या पाहुण्यांसाठी मांडलेले आहे.

नदीकाठची कुंडे

आता तिसऱ्या फेरीविषयी. ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी नॅशनल ट्रस्टबरोबर या हिरवळीखाली रडारने पाहणी केली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. न खोदता, जमिनीत लहरी सोडून त्यांचे परावर्तन मोजायचे, अशी ही पद्धत. नदीलगत एका मोठ्या, एकाहून अधिक मजल्यांच्या इमारतीचा पाया आणि तिच्याभोवती अस्तर लावलेले खड्डे व हौद दिसले. संशोधकांच्या मते ही मठाची चर्मशाळा होती. कातडी कमावण्याचे दुर्गंधीचे, गडबडीचे काम उपासनेच्या जागेपासून लांब चालत असेल, असा आजवरचा समज होता. ते चर्चच्या इतक्या जवळ, इतक्या मोठ्या प्रमाणावर चालत होते, हे नवे होते.

ही बातमी मी दुसऱ्या फेरीनंतर वाचली. म्हणून तिसऱ्यांदा गेलो.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात ढोरवाडा गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी होता. चुन्याच्या कुंडात कातडे भिजवायचे, केस निघाले की रापीने मांस खरडायचे, धुवायचे, मग बाभळीच्या सालीचे आणि हिरड्याचे पाणी. कातडे पिशवीसारखे शिवून त्यात साल भरायची, पाणी ओतायचे आणि टांगून ठेवायचे. वडिलांच्या हातांचा वास साबणाने जात नसे. इंग्लंडमध्ये बाभळीऐवजी ओकची साल आणि कातडे सालीच्या पाण्यात महिनोन्‌महिने ठेवत. बाकी चुना, पाणी, पाते आणि पाठीचा कणा तोच.

त्या हिरवळीवर उभा राहून मी एका गोष्टीचा विचार करत होतो. मध्ययुगातील पुस्तके कागदावर नव्हेत, चर्मपत्रावर लिहीत. चर्मपत्र म्हणजे सालीत न कमावलेले कातडे: मेंढीचे किंवा वासराचे कातडे चुन्यात भिजवून, खरडून, चौकटीवर ताणून वाळवलेले. एका जाड ग्रंथाला कित्येक जनावरे लागत. वर पुठ्ठ्याला पुन्हा चामडे. मेंढी राखणार कामकरी बंधू, चुन्यात हात घालणार तो; आणि त्या कातड्यावर संन्यासी लिहिणार तो ग्रंथ याने जवळ बाळगायचा नाही, असा नियम.

माझ्या वडिलांना तुकोबांचे पन्नास-साठ अभंग तोंडपाठ होते. वाचता एक ओळ येत नव्हती. पगाराच्या कागदावर ते अंगठाच उठवत. पण त्यांनी मला शाळेत घातले आणि रापी हातात घेऊ दिली नाही. कामकरी बंधूंना मुलेबाळे नव्हती. त्यांच्या वतीने शाळेत जाणारे मागे कोणी राहिले नाही. मठाधिपतींच्या नावांची यादी आहे, व्यापाऱ्यांचे आकडे आहेत, जमिनी देणाऱ्या सरदारांची दानपत्रे आहेत. ज्यांनी हे चालवले त्यांचे स्वतःचे म्हणून उरले आहेत ते कोठाराचे खांब आणि हिरवळीखालचे हे खड्डे.

त्या मठातल्या संन्याशांविषयी मला राग नाही. एल्मखाली झोपणारे ते तेरा जण प्रामाणिक होते, असे मला वाटते. स्वतःच्या हातांनी खाऊ म्हणाले आणि हात मात्र हळूहळू दुसऱ्यांचे झाले. असे प्रामाणिक माणसांकडूनच अधिक वेळा होते. अवशेष पाहायला जाणाऱ्याने मनोऱ्याकडे मान वर करून पाहावेच, पण नदीकडे उतरताना जरा खालीही पाहावे, एवढेच माझे सांगणे आहे. दगड तेच असतात. त्यांना विचारायचे प्रश्न पहिल्या फेरीत सुचत नाहीत.

मुलीला मी संध्याकाळी चर्मशाळेचे सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजोबांची रापी अजून आहे ना घरी?" आहे. देवघराखालच्या फडताळात, फडक्यात गुंडाळलेली.